जुन्नरचे घुमट आणि हिरवा ऑइलपेंट

बी.ए.चा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या घरात दोन फॉर्म आले. बी.एड.चा अब्बांनी आणला, तालुक्यातल्याच कॉलेजचा. एम.ए. इतिहासाचा मी आणला, पुण्याचा. पदवीपर्यंत पोचलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मतं मात्र सगळ्यांना होती. मंचरला हायवेवर ट्रक रंगवणारे माझे अब्बा म्हणाले, “पत्थर पढके पेट भरता क्या?” मी म्हटलं, एक दिवस माझ्याबरोबर जुन्नरला चला. दगडावर वाचण्यासारखं काही दाखवू शकले नाही, तर मुकाट्याने बी.एड. करीन.

मंचरहून सकाळी लवकर एसटी पकडा. नारायणगावला गाडी बदलावी लागली तर तिथे चहा घ्या, कारण जुन्नर स्टँडवरच्या चहाला चहा म्हणणं हा चहाचा अपमान आहे. हायवेवर कांद्याच्या ट्रकांमागे आमची गाडी रांगत होती. अब्बा प्रत्येक ट्रकची पाठ वाचत होते. “ये मेरा नै. अक्षर देख, लंगडे हैं सब.” दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याची सवय मी कुठून उचलली, हे वाचकांना एव्हाना कळलं असेल.

ऊन चढायच्या आत शिवनेरी करावा म्हणून आधी तिथे गेलो. पायऱ्या चांगल्या आहेत, पाणी मात्र खालूनच न्या. वर कमानी मशीद आहे: दोन मिनार, त्यांना जोडणारी एकच डौलदार कमान आणि पुढ्यात पाण्याचं टाकं. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर होती, हे आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. इथे तेवढीही ओळ नाही. एक गाइड पंधरा-वीस पोरांचा घोळका घेऊन आला.

“ही कमान. खाली टाकं. चला पुढं.”

“कसली कमान?” मी विचारलं.

“कमान म्हंजी कमान, ताई. फोटू काढा, लई झ्याक येतो.”

पोरांनी फोटो काढले. एकाने खिशातून खडू काढून भिंतीवर बदाम काढला आणि त्यात दोन अक्षरं घातली. मी त्याला हटकलं तर म्हणतो, “मॅडम, तुमच्या घरची भिंत हाय का?” होय रे बाबा, एका अर्थी घरचीच. पण हे त्या बदामवाल्याला कोण समजावणार!

आमच्या लोकांची तऱ्हा तरी कुठे वेगळी? गावात परतल्यावर मशिदीजवळच्या हॉटेलात बसलो. कीमा-पाव छान मिळतो, जरूर खा. गल्ल्यावरच्या टोपीवाल्या भाईंना मी विचारलं, इथली जुनी ठिकाणं कोणती? ते हसले. “जुन्नरमध्ये काय बघता, ताई? बघायसारखं तर दुबईत हाय.” त्यांच्या पाठीमागे दुबईच्या टॉवरचं पोस्टर होतं. दोन मैलांवर सौदागर घुमट उभा आहे, आणि हा माणूस तिथे कधीच गेला नव्हता.

आम्ही गेलो. हापूसबागेच्या बाजूला, शेतांच्या मधोमध तो प्रचंड घुमट एकटा उभा आहे. चारी भिंतींवर कमानींच्या रांगा. मी अब्बांना सांगत सुटले: हे शहर व्यापाराचं होतं, इथे कागद बनायचा. अब्बा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “परांची कैसी बांधी होंगी?” प्रश्न चांगला होता. मी तो वहीत लिहून घेतला.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. कॉलेजच्या सरांनी सांगितलेली एक लहानशी कबर, गावाबाहेर उसाच्या बांधावर, दारावर कोरलेल्या ओळीची. रिक्षा रस्त्यापर्यंतच जाते, पुढे चिखलातून चाला. अब्बांची पावलं अचानक जड झाली. “पाव दुखरेले,” म्हणाले.

दारावरची ओळ बघून माझं डोकंच फिरलं. कोणीतरी तिच्यावर हिरवा ऑइलपेंट थापला होता, ट्रकच्या फळीला थापतात तसा! “कोण असेल हा गाढव?” मी म्हटलं. “शेकडो वर्षं टिकलेल्या दगडाला रंग देणाऱ्याला पकडून पहिलीत बसवलं पाहिजे.” अब्बा चपलेचा चिखल बांधावर घासू लागले. मी नाक दगडाला लावून वाचू लागले. फारसी अक्षरं एकमेकांत गुंतलेली, मधली बरीच रंगाने भरून गेलेली. पण शेवटचा शब्द स्वच्छ होता. इल्म. म्हणजे विद्या!

मी वहीत उतरवून घेतलं आणि भाषणच ठोकलं. ही विद्वानाची कबर आहे, अब्बा! कदाचित शेजारी मदरसाही असेल. सांगा आता, दगडात काय असतं ते!

तेवढ्यात उसातून एक मावशी आल्या, हातात उदाचं भांडं. शेत त्यांचं, दर गुरुवारी ऊद दाखवायचा मान त्यांच्या घराचा.

“आगं बया, पेंटर! लई वर्सांनी?”

मी अब्बांकडे पाहिलं.

“रंग अजून तसाच हाय बगा,” मावशी कौतुकानं म्हणाल्या. “आमी पाण्यानं धुतो दरवर्सी. पोरीच्या गणितासाठी बोलला व्हता न्हवं? हीच का ती? झाली का पास?”

नववीत मी गणितात नापास झाले होते. दहावीतही नापासच होईन म्हणून घरच्यांनी आशा सोडली होती. अब्बांनी नवस बोलला आणि दोन दिवस येऊन हा दरवाजा रंगवला. मला आजवर पत्ता नव्हता.

“अब्बा, पण ओळ तरी नीट...”

“आखिर का पत्थर टूटेला था,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “अक्षर थे इच नै उधर. अधूरी पाटी मेरेसे छोडी नै जाती. मैंने गिलावा भरके ब्रश से मोटे रंग में लिख दिया.”

“इल्म?”

“तेरे वास्ते मांगने आया था. दूसरा क्या लिखता?”

मावशींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आम्हाला ऊस दिला.

सगळ्यांना अडाणी ठरवत दिवसभर हिंडलेली इतिहासाची पदवीधर, आणि तिला कोरलेलं अक्षर व ब्रशने ओढलेलं अक्षर यातला फरक कळला नाही. गाइडने निदान कमानीला कमान तरी म्हटलं होतं. पैज मी हरले होते. नवसाची गोष्ट ऐकून डोळे भरले, पण म्हणून माझं मत बदललेलं नाही: दगडाला ऑइलपेंट लावणं हा गाढवपणाच, मग तो कोणाच्याही बापाने केलेला असो.

परतीच्या एसटीत मी बी.एड.च्या फॉर्मचं विचारलं. अब्बा खिडकीबाहेर बघत होते.

“वो रंग पत्थर को धक्का न लगते निकालना, सिखाते क्या तेरे एम.ए. में?”

“मालूम नै, अब्बा.”

“तो पूना जाके पूछ.”

सोमवारी एम.ए.चा फॉर्म भरला. वहीतल्या त्या ओळीपुढे मी टीप लिहिली आहे: शेवटचा शब्द नंतरची भर, लिहिणारा माझा बाप. तुम्ही गेलात तर गुरुवारी जा, मावशी भेटतील. ओळ वाचता आली तर मला कळवा. तो शेवटचा शब्द मात्र इतिहासात धरू नका. तो मी गणितात नापास झाल्यानंतरचा आहे.