बोलावलेली

माझ्या थोरल्या बहिणीला गावात ‘बोलावलेली’ म्हणायचे. तिचं नाव दिवली. बाप्तिस्म्याच्या वहीत आग्नेस लिहिलं होतं, पण ती वही मिशनच्या पेटीत कुलपात असायची आणि दिवली दिवसभर शेणाच्या पाट्या वाहत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असायची, तेव्हा आग्नेस म्हणणार कोण? ‘बोलावलेली’ हे नाव मात्र चिकटलं. ते कसं पडलं हे सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मी ठकुबाई. ऐंशी कधीच उलटली. डोळे अधू झाले, जीभ शाबूत आहे. ती तिखट आहे असं सुना म्हणतात. म्हणोत बापड्या.

आमचा झरीपाडा नवापूरच्या पलीकडच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला. आठ घरं कॅथलिक, बाकीची हिंदू. भाताची लावणी सगळ्यांची मिळून, मोहफुलं वेचायला सगळ्या बाया मिळून, भांडणंही मिळूनच. आमचं चर्च म्हणजे कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली एक खोली आणि वर सागाचा क्रूस. फादर वर्षातून दोनदा यायचे, नाताळला आणि पावसाळ्याच्या आधी. ते नवापूरला आगगाडीतून उतरत आणि आमचा बाप दलपत त्यांना बैलगाडीतून आणत असे. त्या दिवशी गावात सणासारखं वाटायचं. अजून मोहाचा वास आला की मला ती गाडी आठवते.

फादर आंद्रेयास जर्मन मुलखातले. आम्ही त्यांना आंदरू फादर म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, पण मराठी पुस्तकातून शिकलेले. आमच्या घरात डोंगरातल्या आदिवासींची कोकणी, गावात आणि बाजारात अहिराणी. त्यांचं मराठी कानाला गोड लागायचं, एवढंच. सगळं कळायचंच असं नाही. आणि जे कळलं असं वाटायचं, त्यानेच घोटाळा झाला.

सदतीस सालचा उन्हाळा. मिस्साची प्रार्थना चालू होती आणि फादर म्हणाले, “तुमच्यापैकी कोणाला तरी देवाचं बोलावणं आलं असेल. त्याने भिऊ नये. त्याने उभं राहावं.”

आता देवाचं बोलावणं येणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत. माणूस मरतो तेव्हा म्हणतात, त्याला देवाचं बोलावणं आलं. म्हातारा चिंधा वर्षभर खोकत होता, त्याच्याकडे चार जणांनी वळून पाहिलं. तो खांबाच्या आड सरकला आणि मोठ्याने म्हणाला, “मी आता बरा आहे. पोराला विचारा पाहिजे तर.” फादरना काही कळेना. ते पुन्हा म्हणाले, “भिऊ नका. हे मोठं भाग्य आहे.”

तेव्हा दिवली उभी राहिली. एकवीस-बावीस वर्षांची, धडधाकट, डोक्यावर पदर, हात जोडलेले. आमच्या आईने, मंगळीबाईने, जो हंबरडा फोडला तो नदीपलीकडे ऐकू गेला. फादर मात्र आनंदाने पुढे आले आणि आईला म्हणाले, “रडू नका. कधी पाठवाल तिला?” आई म्हणाली, “आम्ही कशाला पाठवू? जायचं तेव्हा जाईल ती.”

दुपारी जेवणं झाल्यावर उलगडा झाला. फादरना मरणाचं म्हणायचं नव्हतं. देवाच्या सेवेला आयुष्य द्यायचं, लग्न करायचं नाही, दूर शहरात सिस्टरांच्या मठात राहायचं, रोग्यांची, अनाथांची सेवा करायची, याला ते बोलावणं म्हणत होते. दिवलीला ते बरोबर कळलं होतं. कसं, ते तिलाच ठाऊक. मागे एकदा नवापूरच्या फलाटावर तिने पांढऱ्या झग्यातल्या दोन सिस्टर पाहिल्या होत्या. एकीने भिकारणीच्या पायाची जखम धुतली होती. तेव्हापासून तिच्या मनात तेच होतं, एवढं तिने सांगितलं.

फादर मला समजावत म्हणाले, “तुझी दिवली सिस्टर होणार. सिस्टर म्हणजे बहीण.” मी म्हणाले, “ती आहेच की बहीण.” ते खळखळून हसले. मी विनोद केला नव्हता. दिवलीच्या गोधडीत मी जन्मभर निजले होते आणि तिला कोणी घेऊन जाणार म्हटल्यावर मी तिचा पदर धरून बसले होते.

उलगडा झाला तो आमच्या घरात. गावात तोवर बातमी फिरून आली होती की दलपतच्या थोरलीला देवाचं बोलावणं आलं, फादरने सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तापीबाई आली. ही बाई मुळात इथली नव्हे. माहेर ब्राह्मणपुरीचं. नवरा लाकडाच्या वखारीवर कामाला म्हणून इकडे आला आणि इथेच वारला. एकुलता धुडकू मागच्या साली तापाने गेला. राहिली ती आणि एक लाल गाय. पदराखाली भाकर झाकून आणली, दिवलीपुढे ठेवली आणि तिचा हात धरला.

“बेटी, तू जाशी तवय मन्हा धुडकूले सांगजो, लाल गाय व्यायनी. गोऱ्हा व्हयना. त्याले लई हौस व्हती.”

मी म्हणणार होते की मावशी, ती मरत नाहीये, ती रेल्वेने जाणार आहे. दिवलीनेही तोंड उघडलं होतं. मग तिने तापीबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “सांगेन.”

झालं. एक मेंढरू गेलं की कळप जातो. चुडामण आला. त्याच्या बापाचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद होता, तो मिटल्याचं बापाला कळवायचं होतं. जमनाबाई आली. तिचं पोर बाराव्या दिवशी गेलेलं, नाव ठेवायचं राहिलं होतं. ती म्हणाली, “त्याचं नाव आम्ही उदेसिंग ठेवलं आहे, एवढं त्याला सांग. बिननावाचं फिरत असेल.” एवढंसं पोर आणि नाव केवढं! पण हसायची कोणाची छाती झाली नाही.

दिवलीला लिहिता येत नव्हतं. तिने जपमाळ काढली. एका मण्याला एक निरोप. संध्याकाळी ती मणी सरकवत ओठ हलवायची, आणि आई सगळ्यांना सांगायची की पोर किती भाविक आहे. मला ठाऊक होतं की त्यातल्या निम्म्या मण्यांवर मरियेचं नाव नसून लाल गाय आणि चुडामणचा बांध आहे.

मी चिडले. म्हटलं, “खोटं बोलतेस तू लोकांशी. देवाला चालतं हे?”

ती म्हणाली, “खोटं कुठे? मी सांगेन म्हटलं. जाईन तेव्हा सांगेनच की. मी काय अमर आहे?”

नाताळला फादर पत्र घेऊन आले. सिस्टरांनी होकार दिला होता. तीन दिवसांनी फादरबरोबर तिने निघायचं होतं. बापाने पांढरं लुगडं आणून ठेवलं होतं. पण कार्तिकातच तापीबाईचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. दिवली रोज तिला धुवायची, भरवायची, कूस बदलायची. जाण्याची गोष्ट तिने जपून काढली, तर म्हातारीने चांगल्या हाताने तिचं मनगट पकडलं.

“माले सोडीसन जाऊ नको. तुले बोलावनं उनं शे, मालेबी येईच. दोन्ही जणी संगेच जाऊत. माले वाट ठाऊक नही.”

दिवली तशीच फादरकडे गेली. मीही मागोमाग. तिने त्यांना निरोपांपासून सगळं सांगून टाकलं. फादर दाढीवरून हात फिरवू लागले. मला वाटलं, आता रागावतील. दिवलीने विचारलं, “फादर, देवाचं बोलावणं कोणाच्या तोंडून येतं?” ते म्हणाले, “कोणाच्याही.” ती म्हणाली, “मग मला दोन आली आहेत. आधी कोणतं धरू?”

फादर म्हणाले, “जी हाताला धरून बसली आहे तिचं. ती गेली की मी तुला नेईन. सिस्टरांना मी लिहितो.”

दिवली खाली मान घालून रडली. तिला मठात जायचं होतं हो. कोणी असं समजू नये की तिला सुटका हवी होती. पांढऱ्या लुगड्याच्या घडीवरून ती हात फिरवायची, ते मी कितीदा पाहिलं आहे.

आता माझं सांगते. मी त्या रविवारपासून चर्चमध्ये तापीबाईसाठी दिवा लावू लागले. तेल मोहाच्या बियांचं, वात माझ्या पदराची. परमेश्वरा, म्हातारीला जगव. लोक म्हणायचे, ठकीच्या मनात केवढी दया आहे! फादरनी पुढच्या खेपेला माझ्या डोक्यावर हात ठेवला. दया कसली? म्हातारी मेली की दिवली जाणार, म्हणून मला म्हातारी हवी होती. मतलबी दिवा होता तो. आणि देवाने नेमकं तेवढंच ऐकलं.

तापीबाई दोन वर्षं जगली. अर्ध्या अंगाची बाई, मूठभर हाडं, पण भाकरी दुधात कुस्करून दिली की तक्रार करायची, मीठ कमी शे. फादर येत, दारातून डोकावत, ती त्यांना राम राम करी, आणि ते एकटेच परत जात. तिसऱ्या खेपेला ते दिवलीला म्हणाले, “घाई नाही.” पण त्यांनाच घाई करायला हवी होती. एकोणचाळीसला लढाई पेटली. फादर जर्मन, म्हणून सरकारने त्यांना कुठल्याशा छावणीत नेऊन ठेवलं. त्या नाताळला आमचा बाप नवापूरच्या फलाटावर दोन दिवस बसून रिकामी गाडी घेऊन आला.

होळीच्या आधी तापीबाई दिवलीच्या मांडीवर गेली. शेवटी म्हणाली, “तू ऱ्हाय आते. मी पुढे जाई ऱ्हायनी, वाट पाहीसन ठेवस.” दिवली मोकळी झाली, आणि न्यायला कोणी नव्हतं. मठाचा पत्ता फादरच्या खिशात. कितीतरी दिवसांनी नवे फादर आले. त्यांना या गोष्टीचा मागमूस नव्हता, आणि दिवलीने स्वतःहून तोंड उघडलं नाही. पांढरं लुगडं तिने तापीबाईवर घातलं होतं.

त्यानंतर गावात कोणी शेवटाला टेकलं की, हिंदू असो की ख्रिस्ती, माणूस आमच्या दारात यायचा. “बोलावलेलीला पाठवा.” ती जायची. अंग पुसायची, ओठ ओले करायची, निरोप घ्यायची आणि जाणाऱ्याबरोबर काही निरोप पाठवायचीही. डोकं चालायचं तिचं. ओझं हलकं करायची.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात तिला हिवताप झाला. गोळ्या झाल्या, काढे झाले. पाचव्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर आली आणि जपमाळ मागितली. एकेक मणी धरून निरोप म्हणू लागली, परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी. एका मण्यावर अडली. “जमनाबाईच्या पोराचं नाव काय ग?” मलाही आठवेना. ती कासावीस झाली. मी धावत गेले. जमनाबाई पिठाच्या हातांनी तशीच आली, तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, “उदेसिंग.” अकरा वर्षं झाली होती. दिवलीने ते दोनदा म्हटलं आणि मणी सरकवला.

मग आम्ही दोघीच राहिलो. ती म्हणाली, “ठके, तुझा काही निरोप?”

इतकी वर्षं मी त्या निरोपांना हसत आले होते. त्या दिवशी बांध फुटला. मी तिला दिव्याचं सगळं सांगितलं. म्हातारी मरू नये म्हणून मी का मागत होते ते सांगितलं. “माझ्यामुळे तुझं बोलावणं हुकलं,” म्हटलं.

ती हसली, तापाने ओठ फुटले होते तरी हसली. म्हणाली, “अगं, दोन वर्षं तू तिच्यासाठी दिवा लावलास?”

“माझ्यासाठी लावला.”

“म्हातारीला दोन वर्षं मिळाली ना? तिला कोणी नव्हतं, ठके. मी तिला सांगते, तुझ्यासाठी दर रविवारी कोणीतरी दिवा लावत होतं.”

आणि तिने एक नवा मणी बोटात धरला.