वाट सरळ केली त्याची गोष्ट

दोनशे एकरांच्या त्या जुन्या इस्टेटीत माळीणमावशी एकतीस वर्षं राबत होत्या. बाग त्यांना सासऱ्यांनी शिकवलेली. हवेलीपासून तळ्याकडे जाणारी वाट अर्ध्यावर डावीकडे वळसा घेई, तो वळसाही सासऱ्यांचाच. सरळ रेषेत जमिनीखाली झरा होता.

मग धाकट्या मालकांनी उद्यानतज्ज्ञ आणले. त्यांच्या बुटांना माती कधी लागली नव्हती. मातीवर त्यांची पुस्तकं मात्र तीन होती. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा टेबलावर पसरला.

“मूळ आराखड्यात वाट सरळ आहे. हा वळसा कुणा अडाण्याचा उद्योग.”

“माझ्या सासऱ्यांचा,” मावशी म्हणाल्या. “खाली झरा आहे साहेब. खडी टिकायची नाही.”

“मावशी, हवेलीतून थेट तळं दिसायला हवं. दृष्टिरेषा नावाची गोष्ट असते.”

“असेल की. चिखल नावाचीही असते.”

मालकांना हसू फुटलं. तज्ज्ञांचा चेहरा पाहून त्यांनी ते घाईघाईने गिळलं. वळशावरची झुडपं उपटायचं काम अर्थातच मावशींकडे आलं. सासऱ्यांनी एकेक रोप हाताने लावलं होतं. त्या दिवशी मावशींचा डबा न उघडताच घरी परतला.

सरळ केलेल्या वाटेच्या उद्घाटनाला बडी बडी मंडळी जमली. तज्ज्ञ पाठमोरे चालत, हात पसरून दृष्टिरेषा समजावत होते. तिच्या बरोबर मध्यावर ते गुडघ्यापर्यंत आत गेले. पाहुण्यांना वाटलं, हाही प्रात्यक्षिकाचाच भाग असावा. दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या.

मावशी फळी घेऊन धावल्या. “हलू नका! फळीवर रेला.”

“माझा बूट!”

“बूट राहू दे, आधी पाय काढा!”

पाय निघाला. बूट मूळ आराखड्यात विलीन झाला.

महिन्याभरात वाट पुन्हा वळली. तज्ज्ञांनी अहवालात तिला ‘संवेदनशील वक्ररेषा’ म्हटलं आणि त्यांच्या नावाची पितळी पाटीही लागली. मालक ओशाळून मावशींकडे आले.

“झुडपं पुन्हा लावाल ना?”

“लावीन. पण कुठली आणि कुठे, ते मी ठरवणार. नकाशा नको.”

मालकांनी मान डोलावली. पुढचे सहा आठवडे मावशी गुडघ्यांवर बसून लावणी करत होत्या. संध्याकाळी नवरा त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायचा. एकदा त्याच्याने राहवेना.

“पाटीवर तुझं नाव नाही गं.”

“बरंच आहे,” पाय लांब करत त्या म्हणाल्या. “उद्या काही खचलं, तर पाटीवाल्याला बोलावतील. जरा डावा चोळ.”