लांबूनचं निदान

शेठच्या दुबईतल्या व्हिलाच्या अंगणात दिवाळीची पार्टी होती. मी त्यांचा स्वयंपाकी, तव्यावर थालीपीठं लावत होतो. करपल्याचा वास सुटला. थालीपीठ ठीक होतं. माझीच दोन बोटं तव्याला टेकली होती, आणि मला पत्ता नव्हता.

शेठ ओरडला, "आज पार्टी प्युअर व्हेज आहे ना? मग हा वास कसला?"

सगळे पोट धरून हसले. सगळी आपलीच मराठी माणसं.

शेठचा एक डॉक्टर मित्र होता. स्वतःचं क्लिनिक, सोन्याचं घड्याळ. तो खुर्चीतून उठलाही नाही. तिथूनच म्हणाला, "चटका कळत नाही म्हणजे महारोग. हॉस्पिटलला पाठवू नकोस, लफडं होईल. गुपचूप गावी पाठव."

हसणं बंद. शेठच्या बायकोनं सगळी थालीपीठं कचऱ्यात ओतली. शेठनं हात धुतले. मला तो शिवलासुद्धा नव्हता. ज्यांनी आधीच भरपूर थालीपीठं हाणली होती, त्यांची तोंडं मात्र बघण्यासारखी झाली.

"परवाचं टिकट काढतो," शेठ म्हणाला. "तू घरचाच आहेस. कुणाला बोलू नकोस. खलास."

घरचाच! म्हणून तर वॉशिंग मशीनशेजारी झोपत होतो. असा शिक्का घेऊन गेलो असतो, तर गावात माझ्या बायकोच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नसतं. पोरीला स्थळ आलं नसतं. आणि माझ्या हातांना झालंय काय, ते कुणालाच कळलं नसतं.

सकाळी मी चहा टाकला नाही. हेल्थ कार्ड घेतलं आणि बसनं सरकारी हॉस्पिटल गाठलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "ड्रेसिंग करवा लो और जाओ." मी म्हटलं, "नसों का बड़ा डॉक्टर चाहिए. देखे बिना नहीं जाऊँगा." तिनं तोंड वाकडं केलं. मी बसून राहिलो.

दुपारी एका सुदानी डॉक्टरनं माझे हात स्वतःच्या हातात घेतले. सुई टोचून पाहिली. गरम नळी लावली, थंड लावली. मानेचा स्कॅन केला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "कोढ़ नहीं. गर्दन के अंदर बड़ी नस में पानी भरा है. ऑपरेशन करो, नहीं तो पैर भी जाएगा."

मला रडू फुटलं. मग त्या घड्याळवाल्याची अशी किळस आली की विचारू नका.

मला तिथंच दाखल करून घेतलं. हॉस्पिटलचा फोन गेल्यावर शेठ आला आणि वॉर्डाच्या दारात उभा राहिला. नाकाला रुमाल. "उगाच तमाशा केलास. यल्ला, चल. गावी बघू काय ते."

"आत या शेठ. माझा हात धरा आणि मग सांगा."

तो आत आला नाही.

"मग ऑपरेशन इथंच होईल. तुमच्याकडे ठेवलेला माझा पासपोर्ट इथं लागतोय, आणून द्या. नाहीतर मी कॉन्सुलेटमध्ये जाईन, आणि तुमच्या डॉक्टरचं नाव घेऊन सगळं सांगेन."

पासपोर्ट आला. ड्रायव्हरच्या हातून. ऑपरेशन झालं. पाय वाचले. बोटं होती तशीच बधिर आहेत.

त्या घड्याळवाल्या डॉक्टरचं क्लिनिक अजून जोरात चालतं. चालू दे. पण आता कुणी खुर्चीत बसून मला जोखायला लागला, की मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. त्याला उठावं लागतं. उठल्याशिवाय मी हलत नाही.