दादाच्या काठीची टिप

त्याचं खरं नाव स्नूकरच्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला साडेचार म्हणायचे. डाव्या हाताची तर्जनी अर्धीच उरली होती, म्हणून बोटं साडेचार. लहान वयाचे लोक मागे ‘काका’ जोडायचे, एवढाच काय तो मान. त्याला त्या नावाचा राग नव्हता. उलट नवीन गिऱ्हाईक आलं की तोच हात पुढे करायचा, “मोजून घ्या! पाच बोटांच्या माझ्या दादाला मी या साडेचार बोटांनी दर रविवारी हरवतो.”

आयुष्यात मिरवण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि ते तो मनसोक्त मिरवायचा. जुनी गिऱ्हाइकं तर तो तोंड उघडायच्या आतच “हो, हो, दर रविवारी” म्हणून मोकळी व्हायची.

हॉल तळघरात होता. अकरा पायऱ्या उतरल्या की सहा टेबलं, आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात साडेचारचं बस्तान: काचेचं काउंटर, एक स्टूल, ब्लेड, गोंद, पॉलिश पेपर आणि टिपांचा डबा. स्नूकरच्या काठीच्या टोकाला चामड्याची बटणाएवढी चकती असते, ती टिप. ती झिजली की काढून नवी बसवायची, हे त्याचं काम. चामड्याशी त्याची ओळख जुनी होती. तरुणपणी दोघे भाऊ बुटांच्या कारखान्यात होते. दादा तळवे कापायच्या यंत्रावर, हा चामडं सरकवायला. एके दिवशी दादाचा पाय पेडलवर पडला तेव्हा याचं बोट अजून आतच होतं. चूक कुणाची, हे दोघांनीही कधी काढलं नाही. याने कारखाना सोडला आणि हॉलमध्ये नोकरी धरली. महिनाभराने एका रविवारी सकाळी दादा काठी घेऊन पायऱ्या उतरला, म्हणाला, “चल, शिकव मला.” तेव्हापासून तीस वर्षं रविवार चुकला नाही.

दादा खेळायचा बरा, पण ऐन वेळी कच खायचा. शेवटचा काळा बॉल राहिला, तो मारला की डाव आपला, अशी वेळ आली की हमखास चुकायचा. मग मान हलवत म्हणायचा, “काठी डावीकडे ओढते रे माझी.” वर्षातून दोन-तीनदा जिंकायचा, तोंडी लावण्यापुरता. काठीला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाही. टिपसुद्धा घरी स्वतः बसवायचा. “चामडं मलाही कळतं,” म्हणायचा. साडेचारला याचा जरा रागच यायचा. सगळ्या गावाच्या टिपा हा बसवणार आणि सख्खा भाऊ घरी बसून उद्योग करणार!

त्या मंगळवारी सकाळी हॉल झाडून होत होता, तेवढ्यात वहिनी आली. हातात दादाच्या काठीची लांब पिशवी होती.

“भाऊजी, टिप पार झिजलीये म्हणतात. रविवारी खेळायचंय त्यांना.”

“मग बसवली नाही स्वतः?”

“हात कुठे राहिलेत बसवायला? परवा ब्लेड धरलं आणि अंगठाच कापून घेतला.” वहिनी स्टुलावर बसली. “डॉक्टरांनी हात टेकलेत, भाऊजी. हा एक रविवार मिळेल, पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले. त्यांना माहितीये. तरी काठी काठी करतायत.”

वहिनी गेल्यावर साडेचारने पिशवीतून काठी काढली आणि चष्मा चढवून टोक डोळ्यांजवळ धरलं.

टाच बघून माणूस कसा चालतो ते सांगता येतं, तसं टिप बघून त्याचा हात सांगता येतो, असं तो गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायचा. ज्याची काठी डावीकडे ओढते त्याची टिप एका बाजूने बसते. काठीच्या बुडाशी सपाट कड असते आणि दादा ती नेहमी वर धरायचा, त्यामुळे डावं-उजवं ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्न नव्हता. दादाची टिप चहूबाजूंनी सारखी दबली होती. इतक्या सरळ हाताची टिप त्याने अख्ख्या हॉलमध्ये दोघा-तिघांचीच पाहिली होती. त्याने काठी फिरवून पाहिली, दिव्याखाली नेऊन पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. ही काठी डावीकडे ओढत नव्हती. कधीच ओढली नव्हती.

त्याचं डोकं फिरलं. तीस वर्षं हा माणूस आपल्याला खेळवत होता? आणि आपण जगाला बोटं दाखवत फिरलो? दुपारी काउंटरला कुलूप लावून तो तरातरा दादाच्या घरी गेला. दादा आतल्या खोलीत झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती.

“वहिनी, दादा माझ्याशी मुद्दाम हरायचा?”

वहिनीने घडी पुरी केली. “तुम्हाला आत्ता कळलं होय?”

“का पण?”

“का म्हणजे काय, भाऊजी? रविवारी हरून आले की पोटभर जेवायचे. चुकून जिंकून आले की दोन घास खाऊन ताटावरून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, आज त्याच्या त्या हाताकडे बघवेना.”

साडेचार दारातूनच आत डोकावला. पांघरुणाबाहेर दादाचा उजवा हात पडला होता. मनगट पोरासोरासारखं बारीक झालं होतं आणि अंगठ्याला पट्टी होती. भांडायला आला होता, पण भांडणार कुणाशी? तो तसाच हॉलवर परत आला. आता त्याला एकच हवं होतं. येत्या रविवारी दादाने एकदा तरी खरं खेळावं, आणि जिंकून घरी जाऊन पोटभर जेवावं.

त्याने डबा काचेवर उपडा केला. दादा वर्षानुवर्षं कडक टिप वापरायचा, पण तिला हातात जोर लागतो. मऊ टिप बॉलला क्षणभर धरून ठेवते, थोड्या धक्क्यातही काम करते. फार मऊ घेतली तर दादाला हातात काही लागल्यासारखं वाटणार नाही. त्याने एकेक टिप नखाने दाबली, काचेवर टाकून आवाज ऐकला. बद्द वाजल्या त्या बाजूला सारल्या, खणखणीत वाजल्या त्याही सारल्या. मधली एक राहिली, ती घेतली.

जुनी टिप ब्लेडने अलगद काढून त्याने खिशात ठेवली. टोकाची पितळी टोपी घासून सपाट केली, नव्या टिपेची पाठ खरवडली, गोंदाचा थेंब सोडला आणि काठी उलटी करून दाबून धरली. एरवी तो पाच मिनिटं धरायचा. त्या दिवशी अर्धा तास तसाच उभा राहिला. मग बाहेर आलेली कड कापली, तिला थुंकी लावून चामड्याच्या तुकड्याने घासघासून चकचकीत केलं आणि वरून पेपर मारून गोलाई दिली.

पण नवी टिप लगेच खेळत नाही. शे-दोनशे फटके खाल्ले की मगच ती बसते, आणि दादाच्या अंगात शंभर फटके नव्हते. म्हणून बुधवारपासून रोज सकाळी, हॉल उघडायच्या आधी, साडेचारच ती काठी घेऊन टेबलावर वाकू लागला. टिप दादाच्या हातासारखी बसायला हवी, म्हणून दादासारखे पाय फाकवायचे, दादासारखी हनुवटी काठीला टेकवायची, सपाट कड वर ठेवून सरळ मारायचं. काळा बॉल पॉकेटमध्ये जायचा आणि याचे डोळे भरून यायचे. शनिवारपर्यंत टिप बसली.

रविवारी दादा आला. अकरा पायऱ्या उतरताना दोनदा थांबला. टेबलाशी वहिनीने खुर्ची ठेवली. पूर्ण डाव झेपणार नव्हता, म्हणून फक्त रंगीत सहा बॉल मांडले. दादाने टिपेवरून अंगठा फिरवला. “मऊ घातलीस.”

“तुला पटेल.”

“पटली.”

दादाने पिवळा घातला, हिरवाही घातला, चॉकलेटी मात्र जमला नाही, आणि धापा टाकत खुर्चीत बसला. चॉकलेटी बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता. साडेचारने वाकून तो व्यवस्थित चुकवला.

दादाने ते पाहिलं. मग हसला, हसता हसता खोकला. “अरे, मला शिकवतोस? ही चूक मी तुझ्यापेक्षा बेमालूम करतो.”

“तुझी जुनी टिप बघितली मी,” साडेचार म्हणाला. “तीस वर्षं, दादा?”

दादाने त्याच्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं. “पाय माझा होता रे,” तो म्हणाला.

“होता. झालं ते झालं. आज नीट खेळ. माझी शपथ आहे.”

“आणि तू?”

“मीही.”

दादाने चॉकलेटीवर नेम धरला, पण काठी थरथरली आणि बॉल हुकला. मग साडेचारने चॉकलेटी आणि निळा घातला. गुलाबी त्याचा हुकला, तो दादाने लांबून घातला, आणि वहिनीने टाळी वाजवली. आता एकटा काळा उरला होता. तो दादाच्या पुढ्यात, अगदी सरळ. असा काळा दादाने या टेबलावर कितीदा चुकवला होता, त्याचा हिशेब एक त्यालाच ठाऊक.

दादा उठला. पाय फाकवले, हनुवटी टेकवली. काठी मागे गेली, हात कापला आणि टिप पांढऱ्या बॉलच्या डाव्या अंगाला लागली. काळा पॉकेटच्या ओठापर्यंत गेला, तिथे हलला आणि थांबला.

दादाने वर पाहिलं. “शपथ, मुद्दाम नाही. आज खरंच ओढली काठी.”

“माहितीये, दादा.”

“मग मार. नीट मार.”

साडेचारने मारला. काळा पॉकेटमध्ये पडला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने दादाला हरवलं होतं. टेबलावर डोकं टेकून तो रडायला लागला, आणि दादा खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत वहिनीला म्हणाला, “घरी चल. भूक लागलीये.”