कॅचरच्या नावावर न लिहिलेले चेंडू

त्या रविवारी पावसानं मॅच थांबवली नसती, तर कदाचित मी आजही गप्पच असतो.

हायडेलबर्गच्या कडेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालत गेलं की आमच्या क्लबचं बेसबॉलचं मैदान लागायचं. 'आमच्या' म्हणताना तेव्हाही जीभ जरा अडखळायची. मी खेळाडू नव्हतो. कॅचरच्या मागे जी जाळी असते, तिच्याही मागे एक टेबल असतं, तिथं बसून मी स्कोअरशीट भरायचो. कुणी पळालं, कुणी बाद झालं, चूक कुणाची झाली, सगळं पेन्सिलीनं, बारीक चौकोनांत.

मी नववीत शाळा सोडली. गणितात दुसऱ्यांदा नापास झालो आणि मामाच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसलो. तिथं दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे. कुणी हाक मारो, चहा येवो, लाइट जावो, मोजणी चुकता कामा नये. वेढे कमी पडले की मोटार गरम होऊन जळते. बायको आमच्याच गल्लीतली. ती शिकत गेली आणि शिकतच राहिली. पीएचडीसाठी ती इथं आली आणि मागोमाग मी. गणपतीला मराठी मंडळी जमली की कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही कुठे? नेकारसुल्मला का? ऑडीत?" मी म्हणायचो, "नाही, फॅसिलिटीमध्ये." आणि प्रसाद वाटायला उठायचो.

फॅसिलिटी म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात हाउसमायस्टरचा मदतनीस. नळ, हीटर, कुलपं, कचऱ्याचे डबे, सगळं हाउसमायस्टर बघतो, आणि त्याच्या मागे पान्यांची पेटी घेऊन मी. हे काम त्यानंच मला दिलं होतं. तेव्हा आम्ही तिथंच राहत होतो. तळघरातल्या पंपाची मोटार जळली होती आणि मी ती उघडून तिथल्या तिथं बसवून दिली, एवढंच माझं क्वालिफिकेशन. माझ्या परमिटचं अडलं तेव्हा हा माणूस सुट्टी टाकून माझ्याबरोबर आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, येऊन बसला. माझ्या वतीनं बोलला, दोनदा आवाज चढवला, एकदा विनोद केला. बाहेर आल्यावर म्हणाला, "रविवारी काय करतोस?"

"काही नाही."

"मग मैदानावर ये. मी कॅचर आहे."

बॉल टाकतो तो पिचर. फलंदाजामागे उकिडवा बसून झेलतो तो कॅचर. म्हणजे आपला विकेटकीपरच. मी तालुक्याच्या टीममध्ये चार वर्षं कीपिंग केलेलं. त्याला बसताना पाहिलं आणि माझेच गुडघे दुखले.

स्कोअरचं टेबल तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेकडे होतं. क्लब सुरू झाल्यापासून तीच लिहायची. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण मला तिला 'डू' म्हणणं जमलं नाही, मी आदरानं 'झी'च म्हणायचो आणि मनात 'बाई'. बाईंची नजर अधू होत चालली होती आणि स्कोअर लिहिणारा नसेल तर मॅच होत नाही, म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं. दोन दिवसांचा कोर्स होता, शेवटी लेखी परीक्षा, जर्मनमध्ये. बायको तिचे प्रयोग सोडून माझी उजळणी घ्यायची. मी पास झालो. जर्मनच्या पहिल्या पायरीला, ए-वनलाही मला दोन खेपा लागल्या होत्या; पहिल्याच फटक्यात पास झालेली ही आयुष्यातली पहिली परीक्षा. लायसनचं कार्ड मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आई म्हणाली, "गाडीचं का रे?"

बाई म्हणायच्या, "मोजणं सोपं आहे. चूक कुणाची ते ठरवणं, हे काम."

आता हे एवढं समजून घ्या. पिचरचा चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला आणि तेवढ्यात कुणी पुढचा बेस गाठला, तर दोष कुणाचा ते स्कोअर लिहिणारा ठरवतो. चेंडू आवाक्यातलाच नव्हता तर पिचरचा दोष, त्याला वाइल्ड पिच म्हणतात. झेलायला हवा होता आणि सुटला, तर कॅचरचा, तो पास्ड बॉल. आपल्याकडे वाइड आणि बायमध्ये जे आहे तेच. बायच्या धावा गेल्या की कीपर मान खाली घालतो.

ज्या आठवड्यात परमिट हातात आलं, त्याच रविवारी एक साधा सरळ चेंडू आमच्या कॅचरच्या ग्लोव्हखालून गेला. माझी पेन्सिल थांबली. आणि मी वाइल्ड पिच लिहिलं.

पिचर कॉलेजची पोरं, दरवर्षी नवी. त्यांचे आकडे कोण बघतंय? पुढं पुढं हात आपोआपच तिकडे वळायला लागला. अगदी उघड सुटलेला असेल तर लिहायचो त्याच्या नावावर, वर्षात दोन-चार. बाकीचे पोरांच्या. रात्री झोपताना ते चेंडू आठवायचे, पण आठवायला तसंही रोज बरंच असायचं. करार वाढेल का, परमिट वाढेल का, सासरे फोनवर "आणि जावईबापू, तुमचं काय चाललंय?" म्हणतील तेव्हा काय सांगू.

तर तो पावसाचा रविवार. सगळे क्लबच्या खोलीत शिरले. ओले बूट, कॉफी, ग्रिलवरून घाईनं आत आणलेले सॉसेज. भिंतीवर एक लाकडी पाटी लावायची ठरली होती: क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ, प्रत्येक जागेला एक माणूस. आठ जागा ठरल्या होत्या. कॅचरवर गाडी अडलेली.

दावेदार दोन. एक आमचा, म्हणजे माझा हाउसमायस्टर. दुसरा क्लबचा पहिला कॅचर, बाईंचा नवरा. दोन वर्षांपूर्वी वारला होता.

"त्याच्यासारखा थ्रो मी इथं पाहिला नाही," असं म्हातारा सार्जंट म्हणाला. अमेरिकन सैन्य शहर सोडून गेलं तरी हा मागे राहिला होता, जर्मन बायको आणि दोन कुत्र्यांसाठी. "बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसवर! उठायचासुद्धा नाही."

"उठता यायचं नाही त्याला, पोट बघितलं होतंस का?" ग्रिलवाला म्हणाला. "कॅचरचं पहिलं काम झेलणं. याच्या हातून काही सुटतं का?"

"तुझे सॉसेज सुटतात तेवढे नाही सुटत."

"आल्झो, मग कागद काढा की! सगळं लिहिलेलं आहे."

कपाटातून फायली आल्या. आमचा कॅचर कोपऱ्यात गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता, "राहू दे रे" म्हणत होता, पण चेहऱ्यावर खुशी होती. बाईंनी भिंग काढलं. जुन्या फायलींत त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच नवऱ्याच्या नावावर पास्ड बॉल. पानामागून पान.

"घरी येऊन भांडायचा," त्या म्हणाल्या. "जेवताना बोलायचा नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही. मग माझ्या फायली उघडल्या. ग्रिलवाल्यानं मोजलं आणि टेबलावर हात आपटला. "झालं! तुलनाच नाही. लावा पाटी."

बाईंचं भिंग मात्र एका पानावर थांबलं होतं. दुसऱ्या पानावर गेलं, परत आलं. वाइल्ड पिच, वाइल्ड पिच, वाइल्ड पिच. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार सौम्यपणे म्हणाल्या, "तेव्हा हा नवीन होता. याला फरक नीट कळत नसेल."

"हो, हो," लगेच चारपाच जण म्हणाले. "भाषा पण नवी. बिचारा. आपण समजून घ्यायला हवं."

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवायची. नववी नापास माणसाला कळलं नाही, त्यात काय? शाळेत मास्तर हेच म्हणायचे, मामाचे गिऱ्हाईक हेच म्हणायचे, आणि ते ऐकून गप्प बसण्यात मी आयुष्यभर तरबेज. पण खिशात ते कार्ड होतं. आणि समोर बाई, ज्यांनी मला शिकवलं होतं. मला कळलं नाही म्हणजे त्यांना शिकवता आलं नाही. नवऱ्याच्या ताटासमोर अबोला सोसून लिहिलेले त्यांचे ते पास्ड बॉल.

"कळत होतं," मी म्हणालो. "मला फरक माहीत होता. मी मुद्दाम लिहिलं."

सार्जंटनं विचारलं, "का?"

मी कॅचरकडे पाहिलं. माझ्याकडे जर्मन शब्द अपुरे पडले की मी हात जोडतो, तसे जोडले गेले. "यानं माझ्यासाठी खूप केलं."

तो उठला. बर्फाची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. मला वाटलं ओरडेल. हळूच म्हणाला, "दोन वर्षं मी ते आकडे बघून म्हणत होतो की माझे गुडघे अजून ठीक आहेत." आणि पावसातच गाडीकडे गेला. नेहमी मला घरी तोच सोडायचा. मी ट्रामनं आलो.

बायको म्हणाली, "अरे, वेडा आहेस का? बॉस आहे तो तुझा. पुढच्या महिन्यात करार संपतोय." मग थोड्या वेळानं वरणाला फोडणी देता देता म्हणाली, "पण कळत नव्हतं असं नाही म्हणालास ते बरं केलंस."

आठवडाभर कामावर तो कामापुरतंच बोलला. तिसरा मजला, डावा नळ. सोळा नंबरचा पाना. मीही जेवढ्यास तेवढं. पाटीवरची जागा तशीच रिकामी होती, दोन स्क्रू नुसते. ग्रिलवाला आणि सार्जंट आता कागद सोडून डोळ्यांनी पाहिलेल्यावरून भांडत होते, असं कळलं.

पुढच्या रविवारी जावं की नाही ते ट्राममध्ये बसेपर्यंत ठरत नव्हतं. टेबलावर कोरं शीट होतं आणि दोन पेन्सिली, टोक केलेल्या. बाई बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. "बस," म्हणाल्या आणि शीट माझ्याकडे सरकवलं.

तिसऱ्याच डावात चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागून मागे गेला. पळणारा बेसवर पोचला. कॅचर चेंडूमागे धावला, परत आला, आणि मास्क वर करून जाळीतून सरळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या देखत पास्ड बॉल लिहिलं. त्यानं मास्क खाली ओढला आणि बसला. पुढे आणखी एक तसाच. मग एक, जमिनीवर आपटून कुठल्याकुठे गेलेला.

मॅच संपल्यावर तो लंगडत टेबलापाशी आला, शीट फिरवून स्वतःकडे घेतलं.

"तीन सुटले माझ्याकडून."

"दोन," मी म्हणालो. "तिसरा वाइल्ड पिच होता."

त्यानं शीटवरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. "गेनाऊ? अगदी नक्की?"

"गेनाऊ."

"बरं," तो म्हणाला. "चल, गाडीत बस."

वाटेत वायपर काचेवर उगाचच फिरत होता, पाऊस नव्हता. मी बाहेर बघत तो तिसरा चेंडू पुन्हा टाकून पाहिला. जमिनीवर आपटला, उजवीकडे उडाला, ग्लोव्ह पोचला नाही. वाइल्डच. घर येईपर्यंत आणखी चारदा टाकून पाहिला.