कुंकवाचं मेण

आमच्या सदाशिव पेठेतल्या दारावर पाटी आहे: 'चांदी उजळून मिळेल. घाई असल्यास दुसरीकडे जावे.' अक्षर माझं, मजकूर बायकोचा. मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, पण पेठेत मला ओळखतात ते 'चांदीवाल्या सुनीतीबाईंचे मिस्टर' म्हणून. हे मला बरीच वर्षं खुपत होतं. खोटं कशाला बोलू?

सुनीतीचे वडील चांदीची भांडी घडवायचे. माहेराहून तिने आणलं काय, तर हाताची जाण. ताम्हन नुसतं उजेडात फिरवलं तरी म्हणते, "याला चिंच लावलीय कुणीतरी." समोरची बाई मान खाली घालते. चिंच पितळेला, चांदीला नाही, हे निम्म्या पुण्याला तिने दरडावून शिकवलंय.

गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी साळवेबाई आल्या. कॅम्पातल्या ख्रिस्ती बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. पिशवीतून त्यांनी मेणबत्तीचे दोन चांदीचे स्टँड काढले. त्यांच्या आईचे. घरातलं प्रत्येक लग्न त्यांच्याच उजेडात लागलेलं, आणि शनिवारी नातीचं, उत्कर्षाचं, लग्न होतं.

"मागच्या लग्नात ऐन प्रार्थनेत मेणबत्ती कलंडली हो," बाई म्हणाल्या. "वेदीवरचं कापड जळलं. आता पाळकसाहेब म्हणतात, स्वतः हलवून बघणार. जरा जरी डुगडुगली, तर सेलवरचे दिवे ठेवायचे."

एवढं बोलून त्यांनी एका स्टँडवरून पदर फिरवला. "सेलवरच्या दिव्यांपुढे माझी पोर उभी राहणार का, सुनीतीताई?"

"ठेवून जा," सुनीती म्हणाली. "शनिवारी तुमच्या समया ताठ उभ्या असतील."

आमच्या हिच्या लेखी उभा दिवा म्हणजे समई. साळवेबाईंनीही ती चूक सुधारली नाही.

दुपारी सुनीती भाजी आणायला गेली आणि माझ्या अंगात कारागीर संचारला. एवढ्याशा कामाला काय अक्कल लागते? टेबल डुगडुगलं की आपण काय करतो? कागदाची घडी सारतो. मी एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दुमडला, मेणबत्तीला गुंडाळला आणि स्टँडच्या वरच्या टोकाला मेणबत्ती खोवायची वाटी असते, तिच्यात दाबून बसवला. मेणबत्ती वाकडीच. तळाशी जुनं मेण साचलं होतं, ते वितळवायला स्टँड उचलून गॅसपाशी नेला.

"अहो! आधी तो गॅस बंद करा!"

भाजीची पिशवी दारातच पडली. तिने स्टँड माझ्या हातातून हिसकावला. "याच्या पोटात राळ भरलेली असते, वजनाला. तापली की खालून वाहील आणि पत्रा खचेल. आणि हे काय? कागद कोंबून वाटीचं तोंड फाकवलंत! एवढा पातळ पत्रा, चिरला असता म्हणजे?"

वाटीची कड खरंच केसभर बाहेर आली होती. साळवेबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. तीन पिढ्यांत कुणी केलं नाही ते मी पाऊण तासात करून दाखवलं होतं.

तिने ऊन पाण्यात फडकं पिळून फक्त वाटीभोवती गुंडाळलं. जुनं मेण मऊ झालं तसं ते अंगठ्याने काढलं. सुरी नाही, टोचा नाही. वाटीत लाटण्याची मूठ धरून कड बोटांनी हळूहळू आत घेतली. मग देवघराच्या खणातून एक लाकडी डबी काढली.

मी ती ओळखली. आईची कुंकवाच्या मेणाची डबी. त्या काळच्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलायचं नाही. वडील गेले त्या दिवशी आईने ती डबी मिटली. मला वाटलं होतं, टाकून दिली असेल.

"माझ्याकडे दिली होती त्यांनी," सुनीती म्हणाली. "म्हणाल्या, मेण चांगलं आहे, कुठल्यातरी लग्नाला लाव."

तिने ते मेण बोटांत मळून मऊ केलं, वातीसारखं लांब वळलं आणि मेणबत्तीच्या बुडाभोवती एक वेढा दिला. बूड क्षणभर ऊन पाण्यात धरलं आणि मेणबत्ती वाटीत बसवली. "ढकलायची नाही, फिरवायची," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळलं.

शनिवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी स्टँड हलवला. मग तिरका केला. मग चक्क आडवा धरला. मेणबत्ती तसूभर हलली नाही. साळवेबाईंनी माझ्या बायकोचा हात असा घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या असतील.

"लावा," पाळकसाहेब म्हणाले.

उत्कर्षाचं लग्न त्या उजेडात लागलं. मी डोळे पुसले. चर्चमध्ये धूळ फार नसते, तेव्हा ती सबब सांगत नाही.

लग्नानंतर सुनीतीने मेणबत्त्या अलगद फिरवून काढल्या. वाटी जशीच्या तशी, एक ओरखडा नाही. चिकटलेलं मेण तिने बोटाने गोळा करून परत डबीत ठेवलं.

पाळकसाहेब हे बघत उभे होते. "कमाल आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आणि आपण?"

निवृत्त अधीक्षक, हे माझ्या जिभेवर कायम तयार असतं.

"मी चांदीवाल्या सुनीतीबाईंचा मिस्टर," मी म्हणालो, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.