नळदुर्ग ते वाशी, दोन फोनांसह

नळदुर्गच्या स्टँडवरून सकाळच्या एसटीत चढलो, तेव्हा माझ्याजवळ दोन फोन होते. सदऱ्याच्या खिशात पुण्याच्या लेकीने आणलेला नवा, पिशवीत सहा वर्षे वापरलेला जुना. जुन्याची काच तडकलेली आणि मागचे झाकण रबरबँडने आवळलेले. सिमकार्ड नव्यात गेले होते, तरी जुना बरोबर कशाला, असे बायकोने विचारले; "असू दे" म्हणत मी तो पिशवीत टाकला.

काम एकच होते. खुब्याचे हाड मोडल्यापासून माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तिची थोरली बहीण, माझी मावशी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला असते आणि तिला बसचा प्रवास झेपत नाही. आता दोघींची भेट होणे अवघड, हे दोघींनाही कळते. आई एवढेच म्हणाली होती, "अक्काचा आत्ताचा फोटू आन. एकदा डोळं भरून बगते."

नळदुर्ग सोडल्यावर कंडक्टरने अर्ध्या तिकिटासाठी आधारकार्ड मागितले. ते नव्या फोनमध्ये. मी धूळ-वारा लागू नये म्हणून मफलर गुंडाळला होता, त्यामुळे फोन माझे तोंड पाहून उघडेना. मफलर काढला, तरी उघडेना. लेकीने सांगितलेला आकडा ऐन वेळी आठवेना. "काका, फोन तुमचाच हाय न्हवं?" कंडक्टरने शांतपणे विचारले आणि अर्धी बस माझ्याकडे वळून बघू लागली. शेवटी जुन्या फोनमधला आधारचा फोटो कामी आला. त्याला कुलूपच नाही. जो नवा मला ओळखत नव्हता, त्याच्याच खिशात मी माझी ओळख ठेवली होती.

येडशीला गाडी चहासाठी थांबली. एक प्लेट सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) मागवली आणि रामलिंगच्या देवळाच्या बाजूच्या टेकड्यांचा दोन्ही फोनांनी फोटो काढला. ऐन उन्हाळा, झाडी पार वाळलेली. जुन्याने तपकिरी टेकड्या काढल्या, वर कोपऱ्यात माझा अंगठा. नव्याने त्याच टेकड्या कोकणासारख्या हिरव्यागार करून दिल्या. मला नव्याचे फार कौतुक वाटले. गोड बोलणाऱ्यावर मी जन्मभर असाच भाळत आलो आहे.

वाशीला पोचलो तेव्हा मावशी ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके आहेत, तसेच आईच्याही. लहानपणी जत्रेत दोघींनी एकदमच गोंदून घेतले होते. धाकटी भिऊ नये म्हणून थोरली आधी बसली आणि तोंडातून हूं की चूं केले नाही, हे आई अजून सांगते.

तिच्या सुनेने कडक भाकरी आणि शेंगदाण्याचा म्हाद्या (कुटाचे घट्ट कालवण) वाढला. जेवून मी दोन्ही फोन बाहेर काढून ठेवले आणि नव्याने मावशीचे वीस-बावीस फोटो काढले. एकही सुरकुती नाही, गाल गुलाबी, नव्वदीची मावशी साठीची झालेली. सून म्हणाली, लई भारी. मावशीने मात्र फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

"गोड हाय बाई. पन ही म्या न्हाय. त्या तुज्या फुटक्यात काढ बरं."

म्हाताऱ्या माणसाला काय कळते, असे मनात म्हणत मी तिच्या समाधानासाठी जुन्यात एक फोटो काढला. तो अंधुक आला, थोडा तिरका, मागे दोरीवर वाळणारे लुगडे.

संध्याकाळी घरी पोचताच आईच्या उशाशी बसून ऐटीत नवा फोन उघडला. ती एकेक फोटो बघत गेली. तिचा चेहरा काही खुलेना.

"ही कुनाची कोन हाय रं? अक्काचं गोंदन कुठं गेलं?"

मी नीट पाहिले. त्या शहाण्या फोनने सुरकुत्यांबरोबर ते तीन ठिपकेही डाग समजून पुसून टाकले होते. दिवसभर मी तो चेहरा कौतुकाने पाहत होतो आणि मला ते दिसले नव्हते. फोनने तरी मावशीला आज पहिल्यांदाच पाहिले होते. मी पासष्ट वर्षे पाहतो आहे. मला मनापासून लाज वाटली.

मग पिशवीतून जुना काढला. आईने तडकलेल्या काचेवर बोट ठेवले, एक, दोन, तीन. दुसरा हात तिने स्वतःच्या हनुवटीवर नेला. "आली बग अक्का," ती म्हणाली आणि रडू लागली.

जुना फोन आता आईच्या उशाखाली असतो, तो मला परत मिळायचा नाही. मी नवाच वापरतो. त्यात मी पंचेचाळिशीचा दिसतो आणि खोटे कशाला सांगू, मला ते आवडते.